मुका मार की फ्रॅक्चर, घरी बसून कसं ओळखायचं

गेल्या पावसाळ्यात आई नौपाड्यात आमच्याच बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये शेवाळावरून घसरली, हात टेकला आणि तशीच बसली. लगेच चारजण जमले, तळमजल्यावरच्या काकांनी निकालपण देऊन टाकला, "बोटं हलवा बघू वहिनी, हां, हलतायत ना, मग काही नाही, मुका मार आहे." तीन दिवस हळद-आंबेहळद लावली, चौथ्या दिवशी एक्स-रे काढला तर मनगट मोडलेलं, आणि सुजेत पाटली अशी रुतलेली की सोनाराकडून कापून घ्यावी लागली. आईला हाडापेक्षा पाटलीचं दुःख जास्त.

तर ती बोटं हलवायची टेस्ट विसरा. बोटं हलतात ती स्नायूंनी, हाडाला चीर गेली तरी हलू शकतात.

त्याऐवजी एका बोटाने हाडावरून हळूहळू दाबत जा. मुका मार असेल तर दुखणं बऱ्यापैकी पसरट असतं, हाड मोडलेलं असेल तर बरोबर एका जागी बोट गेलं की माणूस ओरडतो. घोट्यासाठी तर कॅनडातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये साधा नियमच काढलाय, दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, खालून 6 सेंमीपर्यंत, दाबून दुखते का, आणि लंगडत का होईना चार पावलं टाकता येतात का. दाबून दुखलं किंवा चार पावलं जमलीच नाहीत तर एक्स-रे काढायचाच. कट्कट् आवाज येतोय का म्हणून हलवून बघायचा शहाणपणा मात्र नको.

आता प्रकार. आईचं झालं ते कोलिस फ्रॅक्चर, पडताना हात टेकला की मनगटाजवळ होतं ते. हात बाजूने बघितला तर पालथ्या ठेवलेल्या काट्याच्या चमच्यासारखा बाक दिसतो. डब्लिनच्या अब्राहम कोलिसने हे 1814 ला लिहिलं आणि एक्स-रे आला 1895 ला, म्हणजे त्याने नुसतं डोळ्यांनी आणि हातांनी ओळखलं होतं, आपण काकांवर भरवसा ठेवला.

लहान मुलांचं हाड पेरूच्या ओल्या फांदीसारखं, एका बाजूने तडकतं, दुसरीकडून नुसतं वाकतं, त्याला ग्रीनस्टिक म्हणतात. वाकडेपणा फारसा दिसत नाही, पोरगं तो हात वापरायचं टाळतं एवढंच, ते हेरायचं. म्हाताऱ्या माणसांचं हाड शेवग्याच्या फांदीसारखं, बाथरूममध्ये साधं घसरलं तरी खुबा मोडतो, मग तो पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळलेलं असतं. अशा वेळी "उठा, चालून बघा" करू नका.

सगळ्यात फसवं म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो ना, तिथलं स्कॅफॉइड नावाचं मनगटातलं छोटं हाड. पहिला एक्स-रे क्लिअर येऊ शकतो, तरी खळग्यात दुखत असेल तर डॉक्टर हात बांधून ठेवतात आणि 10-14 दिवसांनी परत काढतात. कंटाळा करू नका, त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, दुर्लक्ष केलं तर जुळतच नाही. तसंच नवी मुंबईत पाम बीच रोडवर जानेवारीच्या मॅरेथॉनसाठी एकदम किलोमीटर वाढवणाऱ्यांचं स्ट्रेस फ्रॅक्चर, पडलेलं कोणीच नसतं, पण नडगीत एकाच जागी रोज पळताना दुखतं, सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं.

मोडलेल्या जागी कातडी फाटली असेल, अगदी छोटी जखम असली तरी, ते ओपन फ्रॅक्चर. हाड आत ढकलायचं नाही, स्वच्छ कपडा ठेवून 108 ला फोन. दहीहंडीत वरच्या थरावरून पडलेल्याची मान किंवा पाठ दुखत असेल तर हातपाय धरून उचलू नका, जागीच ठेवा.

बाकी वेळी जुन्या पेपरची जाड घडी करून मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा हलणार नाही अशी बांधा, हात ओढणीच्या झोळीत. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आधी उतरवा (हे मी रडून सांगतेय). चोळायचं नाही, शेकायचं नाही, बर्फ कपड्यात गुंडाळून 15-20 मिनिटं. चहा-बिस्किटपण नको, ऑपरेशन लागलं तर भूल द्यायला पोट रिकामं लागतं.

आणि प्लास्टर घातल्यावर बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा गोळी घेऊनही आत ठणका वाढतच गेला, तर सकाळची वाट न बघता रात्रीच कॅज्युअल्टीला जायचं.