मेथ-कोकेन सोडलेल्या माणसाशी घरी कसं बोलायचं
मेथ (मेथॅम्फेटामिन, कोकेनसारखंच मेंदूला उत्तेजित करणारं ड्रग) किंवा कोकेन सुटलं म्हणजे माणूस लगेच पहिल्यासारखा होत नाही, समोरच्याचा चेहरा, आवाजाचा सूर ओळखणं बऱ्याच जणांना जड जातं, राग, भीती यात तर अनेकदा गडबड होते आणि घरच्यांना वाटतं याला आमची पर्वाच नाही. म्हणून तोंड पाडून बसू नका, सरळ शब्दात सांगा. "मी चिडले नाहीये, दमलेय, अर्धा तास पडते" एवढं बोललात तरी पुढचं भांडण टळतं. टोमणे आणि "तुला कळायला हवं होतं" हे पूर्ण बंद. जो सावरतोय त्यानेही मनात अंदाज बांधण्याआधी विचारायचं, "तू माझ्यावर रागावलीयेस का?", आणि मिळालेलं उत्तर खरं मानायचं, हे सोपं नाहीये पण सवयीने जमतं. घोळक्यापेक्षा सुरुवातीला एकेकाशीच बोला. झोप नीट झाली नसेल तर महत्त्वाचा विषय उद्यावर टाका. नशा बंद राहिली तर बऱ्याच जणांचं हे सुधारतं पण महिने लागतात, घाई करू नका. कोणीतरी मागावर आहे असं त्याला वाटायला लागलं तर मात्र घरी समजूत काढत बसू नका, लगेच मानसोपचार डॉक्टरांकडे न्या.