आईल ऑफ वाइट एका दिवसात: आधी बोटीचा धक्का ठरवा

पोरं लंडनच्या बाजूला नोकरीला आणि आपण मे-जूनमध्ये त्यांच्याकडे मुक्कामाला, हे आता बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच घरांत चालू आहे. लंडन बघून झालं की कुणीतरी आईल ऑफ वाइटचं नाव काढतंच. जरूर जा. बेट इंग्लंडातच आहे, वेगळा व्हिसा लागत नाही. पण "छोटंसं बेट आहे हो, एका दिवसात सगळं होतं" असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजा, सल्ला मात्र घेऊ नका. पूर्व-पश्चिम सुमारे ३७ किलोमीटर लांबीचं बेट, एका गाडीच्या रुंदीचे वळणाचे रस्ते आणि गावागावांत थांबत जाणाऱ्या बसेस. सोबत गुडघेदुखीवाल्या सासूबाई आणि लहान नातवंडं असतील तर "सगळं" होत नाही. एकच टोक होतं, ते मात्र झकास होतं. माझ्याकडे दर उन्हाळ्यात माहेरची नाही तर सासरची मंडळी येतात आणि मी त्यांना असंच नेते.

दिवस निवडताना शनिवार-रविवार टाळा. जूनमधला संगीत महोत्सव आणि ऑगस्टच्या सुरुवातीची काउज वीक, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचा आठवडा, या दिवसांत बोटी भरून वाहतात. पावसाचा अंदाज बघून बेत रद्द करू नका. जुलैत बेळगावात राहिलेल्या माणसाला तिकडचा पाऊस म्हणजे नुसती भुरभुर. वाऱ्याचा अंदाज मात्र बघा, त्याचं कारण पुढे येतंच.

पहिली पायरी: एकच ठिकाण

घरातल्या सगळ्यांना बसवून विचारा: ऑस्बोर्न हाउस की नीडल्स? पहिला व्हिक्टोरिया राणीचा महाल, बेटाच्या उत्तर टोकाला. दुसरे समुद्रात उभे असलेले खडूच्या दगडाचे तीन पांढरे सुळके, थेट पश्चिम टोकाला. दोन्ही एकाच दिवशी करायचं म्हटलं तर अर्धा दिवस बसमध्ये जाईल. म्हातारी माणसं असतील तर ऑस्बोर्न, पोरं मोठी असतील तर नीडल्स. हे ठरल्याशिवाय कुणालाही तिकीट काढू देऊ नका.

दुसरी पायरी: धक्का

सगळा घोळ इथे होतो. आपली माणसं "आईल ऑफ वाइट फेरी" असं शोधतात, पहिली दिसेल ती बोट घेतात आणि बेटाच्या भलत्याच बाजूला उतरतात. बेटाला जायला मुख्य भूमीवरून वेगवेगळे धक्के आहेत आणि प्रत्येक बोट वेगळ्या गावाला लागते. म्हणून आधी जागा, मग त्या जागेजवळचा बेटावरचा धक्का, मग तिथे जाणारी बोट आणि सगळ्यात शेवटी लंडनहून सुटणारी रेल्वे. हा क्रम उलटा केलात की पस्तावलात.

सर्वांत वाईट सापळा काउजचा. काउज दोन आहेत, ईस्ट काउज आणि वेस्ट काउज, आणि मध्ये मेडिना नदी. मुख्य भूमीवरच्या साउथॅम्प्टन बंदरातून दोन प्रकारच्या बोटी सुटतात. रेड जेट नावाची जलद बोट अर्ध्या तासाच्या आत पोचवते, पण वेस्ट काउजला. गाड्या नेणारी मोठी फेरी तासभर घेते, पण ईस्ट काउजला लागते आणि ऑस्बोर्न हाउस ईस्ट काउजला आहे. "जलद बोट घ्या, अर्धा तास वाचेल" हा सल्ला मला कितीदा ऐकावा लागला आहे! वाचलेला अर्धा तास नदीकाठी उभं राहून जातो. तिथे नदीवर पूल नाही. साखळीवर ओढत जाणारी एक नौका आहे, तिला तिथे फ्लोटिंग ब्रिज म्हणतात. २०१७ साली तिथे नवी नौका आली आणि तेव्हापासून तिच्या बंद पडण्याच्या बातम्या वरचेवर येतात. बंद असली की कधी पायी प्रवाशांसाठी लहान लाँच सोडतात. नाहीतर बेटाच्या मध्यावरच्या न्यूपोर्ट गावाला वळसा घालून पंधरा-सोळा किलोमीटर. कृष्णेला पूर आला की कुडची आणि उगार समोरासमोर असूनही किती लांब जातात, हे आपल्याकडच्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या नणंदेचे यजमान असेच वेस्ट काउजला उतरले. समोर पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता आणि ते न्यूपोर्टच्या बसची वाट बघत उभे होते. तेव्हा ऑस्बोर्नला साउथॅम्प्टनहून जायचंच असेल तर मोठी, हळू फेरी घ्या. गाडी नसली तरी पायी प्रवाशांना घेतात. वर डेकवर बसा, डबे सोडा, तास कसा गेला कळत नाही.

पण माझं मत विचाराल तर ऑस्बोर्नसाठी साउथॅम्प्टन सोडाच. पोर्ट्समथ बंदरातून बेटावरच्या राइड गावाला जा. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनाहून थेट रेल्वे आहे, पोर्ट्समथ हार्बर या शेवटच्या स्टेशनावर उतरायचं. त्याच्या आधी पोर्ट्समथ अँड साउथसी लागतं, तिथे उतरायची घाई करू नका. हार्बर स्टेशनाला लागूनच बोटीचा धक्का आहे. साधारण बावीस मिनिटांत बोट राइडच्या लाकडी धक्क्यावर पोचते. हा १८१४ सालचा धक्का समुद्रात जवळजवळ सातशे मीटर आत गेला आहे. वारा असेल तर सासूबाईंना तेवढं चालवू नका. लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या जुन्या डब्यांना नवं रूप देऊन बनवलेली गाडी धक्क्यावरूनच धावते, तिने एक स्टेशन पुढे राइड एस्प्लनेडला उतरा. बस तिथूनच मिळते, ऑस्बोर्नच्या दारावरून जाणारी. पोरांना मजा हवी असेल तर पोर्ट्समथच्याच साउथसी भागातून हॉवरक्राफ्ट घ्या. हवेच्या उशीवर दहा मिनिटांत पाणी ओलांडून थेट राइडच्या वाळूवर येतं. आवाज भयंकर आणि वारा वाढला की बंद.

नीडल्सला जायचं असेल तर वरचं सगळं विसरा. वॉटर्लूहून ब्रॉकनहर्स्ट, तिथे गाडी बदलून लिमिंग्टन पिअर (टाउन नव्हे, त्याच्या पुढचं), आणि समोरच उभी असलेली बेटावरच्या यारमथ गावाची फेरी, चाळीस मिनिटांची. यारमथहून हंगामात उघड्या छताची बस नीडल्सकडे जाते. पूर्व किनाऱ्यावर ग्रेट यारमथ नावाचं वेगळंच शहर आहे. मोबाईलवर तिकीट काढणाऱ्या नातवाच्या कानावर हे घाला.

"पोराची गाडी आहे की" हा मुद्दा निघतोच. सुट्टीच्या दिवसांत गाडी पलीकडे न्यायचं भाडं ऐकून आपला घास अडकेल. चालता न येणारं माणूस सोबत असेल तरच गाडी, तीही बरीच आधी आरक्षण करून.

तिकीट आणि डबा

लंडन ते राइड एस्प्लनेड असं एकच रेल्वे तिकीट मिळतं, बोटीसकट. रेल्वेच्या तिकिटावर तीन ते नऊ मोठ्या माणसांना गर्दीची वेळ टाळली तर ग्रुपसेव्हची एक तृतीयांश सूट असते, ती मागा. डब्याला दशम्या, शेंगाची चटणी आणि उरलेला कुंदा. बाकी मला शिकवायला नको.

पोचल्यावर

ऑस्बोर्नमध्ये आधी दरबार खोली गाठा, बागा नंतर. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न टाकलेल्या राणीने १८९०-९२ मध्ये ही खोली सजवून घेतली, लाहोरच्या भाई राम सिंग यांच्या आराखड्यावरून. छतापासून भिंतीपर्यंत पांढरं कोरीव काम आणि चुलाण्यावर पिसारा फुलवलेला मोर. बाहेरच्या बोळात हिंदी माणसांची तैलचित्रं लावलेली आहेत, कारागीर, शिपाई, नोकर. आमची मंडळी राणीच्या पलंगापेक्षा इथेच जास्त रेंगाळतात. राणी १९०१ च्या जानेवारीत याच महालात वारली. हिवाळ्यात महाल रोज उघडा नसतो, निघण्याआधी बघून घ्या.

नीडल्सला अ‍ॅलम बे नावाच्या खाडीकडे रंगीत वाळूच्या कड्यावरून खाली नेणारी उघडी पाळणागाडी आहे, पाय लोंबकळत. साडी असेल तर पदर खोचून, चपला घट्ट. तीही वाऱ्यात बंद राहते. सुळक्यांच्या टोकाचा दीपस्तंभ १८५९ चा. फोटोला जुन्या तोफखान्याची जागा सगळ्यात चांगली, पण चढ आहे.

परतीचं एकच सांगते. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि त्यानेच माणूस फसतो. उजेड असला तरी महाल संध्याकाळी बंद होतो आणि बसेस विरळ होतात. बसमधून उतरल्या उतरल्या परतीच्या बसच्या वेळेचा फोटो काढा आणि शेवटच्या बोटीच्या आधीची बोट आपली समजा.