एकच ‘बद्दल’, इंग्रजीत वेगवेगळ्या वाटा: आभार, अभिनंदन आणि दिलगिरी नीट कशी लिहावी

मदतीबद्दल आभार, बढतीबद्दल अभिनंदन, उशिराबद्दल दिलगिरी. मराठीत तिन्हीकडे ‘बद्दल’ सुखाने नांदतं. इंग्रजीत पहिल्याला ‘फॉर’ लागतं, दुसऱ्याला ‘ऑन’ आणि तिसऱ्याला ‘फॉर’ किंवा ‘अबाउट’. ईमेलमध्ये ‘थँक यू अबाउट युअर हेल्प’ असं उमटतं, ते मनातलं ‘बद्दल’ जसंच्या तसं उचललं जातं म्हणून. शब्दयोगी अव्ययाचं भाषांतर करायचंच नाही, एवढं आधी ठरवून टाका.

१. पुढे माणूस आहे की गोष्ट, ते पाहा

बहुतेक चुका इथेच सुटतात. माणसाआधी ‘टू’, कारणाआधी ‘फॉर’: ‘आय अपॉलोजाइज टू यू फॉर द मिस्टेक’, ‘वी आर ग्रेटफुल टू यू फॉर युअर सपोर्ट’. ‘ग्रेटफुल फॉर यू’ लिहिलंत, तर ‘तुम्ही आमच्या आयुष्यात आहात हे आमचं भाग्य’ असा सूर लागतो. घरच्यांना शोभेल, बँक मॅनेजरला नाही.

‘थँक्स’ची गंमत वेगळी आहे. ‘थँक्स फॉर युअर हेल्प’ म्हणजे आभार. ‘थँक्स टू युअर हेल्प’ म्हणजे ‘तुमच्या मदतीमुळे’. हे वाक्य अर्धवट आहे, पुढे काय घडलं ते सांगावं लागतं. शिवाय ‘थँक्स टू यू, वी आर लेट’ म्हणजे ‘तुमच्या कृपेने उशीर झाला’. मराठीतल्या ‘कृपेने’ला जो खवचटपणा येतो, तोच इथे ‘टू’ला येतो.

२. ‘काइंड’नंतर ‘ऑफ’ की ‘टू’?

चांगुलपणा कोणाचा, हे सांगायचं असेल तर ‘ऑफ’: ‘इट वॉज काइंड ऑफ यू टू कम’. तो कोणाच्या वाट्याला आला, हे सांगायचं असेल तर ‘टू’: ‘यू हॅव बीन व्हेरी काइंड टू माय फादर’. पहिल्या रचनेत वाक्य ‘इट’ने सुरू होतं, दुसऱ्यात माणसापासून. पहिल्या रचनेत ‘काइंड फॉर यू’ लिहू नका.

३. घडून गेलेलं ‘ऑन’, पुढे यायचं ‘फॉर’

‘कॉन्ग्रॅच्युलेशन्स ऑन युअर प्रमोशन’. क्रियापद असेल तर त्याला ‘इंग’ लावा: ‘ऑन पासिंग द एक्झाम’. आपल्याकडे ‘कॉन्ग्रॅच्युलेशन्स फॉर’ सर्रास ऐकू येतं आणि समजतंही. पण पत्रात, भेटकार्डावर ‘ऑन’च ठेवा. जे अजून व्हायचंय त्याला शुभेच्छा: ‘बेस्ट विशेस फॉर युअर न्यू जॉब’. ‘गुड लक’ असेल तर ‘विथ’ सहज बसतं: ‘गुड लक विथ युअर इंटरव्ह्यू’.

४. ‘सॉरी’ जपून

उशिरासाठी ‘सॉरी फॉर द डिले’ आणि ‘सॉरी अबाउट द डिले’ दोन्ही बरोबर. डोकं खाजवू नका. सांत्वन करताना मात्र थांबा. ‘आय अ‍ॅम सॉरी फॉर युअर लॉस’ हे रुळलेलं वाक्य आहे. वडील गेले असतील तर ‘आय अ‍ॅम सॉरी अबाउट युअर फादर’. ‘आय फील सॉरी फॉर यू’ म्हणजे ‘मला तुमची कीव येते’. हेतू चांगला असूनही समोरचा दुखावतो, आणि का ते लिहिणाऱ्याला कळतही नाही.

५. ‘टू’ कोणतं, ते ‘इट’ लावून तपासा

‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ ही जुनी खोड. ‘टू’पुढे ‘इट’ ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ चालतं, म्हणजे तिथे नाम बसतं; मग क्रियापदही ‘इंग’ लावूनच येणार: ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. ‘आय वॉन्ट टू इट’ चालत नाही, म्हणून ‘आय वॉन्ट टू मीट यू’.

६. ‘पर्यंत’ची फसगत

हा ‘बद्दल’चा सख्खा भाऊ. ‘शुक्रवारपर्यंत उत्तर द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत रजेवर आहे’ यांत मराठीला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. काम एकदाच, मुदतीच्या आत व्हायचं असेल तर ‘बाय’. स्थिती त्या दिवसापर्यंत चालू राहणार असेल तर ‘टिल’. ‘प्लीज रिप्लाय टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत उत्तरं देतच राहा.

७. पाठवण्याआधी मनातल्या मराठी वाक्यातले ‘ला’ आणि ‘ना’ शोधा

‘सरांना विचारलं’ हे ‘आस्क्ड टू सर’ होतं, आणि ‘मला समजावून सांगा’ हे ‘एक्स्प्लेन मी’. नेमकं उलटं हवं. ‘आस्क’, ‘टेल’, ‘इन्फॉर्म’, ‘रिक्वेस्ट’, ‘थँक’ यांच्यानंतर माणूस थेट येतो, मध्ये ‘टू’ नाही. ‘एक्स्प्लेन’, ‘से’, ‘सजेस्ट’, ‘रिप्लाय’, ‘अपॉलोजाइज’ यांना माणसाआधी ‘टू’ हवंच: ‘प्लीज एक्स्प्लेन इट टू मी’. ‘रिक्वेस्ट’ दुटप्पी आहे. क्रियापद असताना ‘आय रिक्वेस्ट यू टू सेंड द फॉर्म’, नाम झालं की ‘माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ ही या दोन्हींची खिचडी. रजेच्या अर्जात ‘आय रिक्वेस्ट लीव्ह फॉर टू डेज’ लिहा.