सगळ्यांनी 5 वरच टिक केली तेव्हा

लष्करी अकादमीतल्या कॅडेट्सचा अभ्यासातला आत्मविश्वास मोजायला निघाला असाल, तर स्व-क्षमता (एखादं काम आपल्याला जमेल हा विश्वास) आणि लायकर्ट श्रेणी (1 ते 5 मधला आकडा निवडून आपण किती सहमत ते सांगायची मोजपट्टी) तुम्हाला ठाऊक असणारच. मी जिथे आपटलो तेवढंच सांगतो.

पहिल्या फेरीचे फॉर्म वर्गातच, अधिकाऱ्यासमोर भरून घेतले. कोपऱ्यात कॅडेट नंबर. रात्री गठ्ठा सोडला तर पानामागून पान 5 च्या रकान्यात एकाखाली एक खुणा. काहींनी वरून खाली सरळ रेघच ओढलेली. थोड्यांनी तसाच 4 चा रकाना धरलेला. अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढला, दणदणीत आला, आणि मी निर्धास्त झालो. घात तिथेच झाला. एकजण सगळीकडे 5 आणि दुसरा सगळीकडे 4 देतो, तेव्हा उत्तरं एकमेकांशी जुळणारच. प्रश्न न वाचताही अल्फा वाढतो. तो उत्तरांतला मेळ सांगतो, खरेपणा नाही. गणवेशातल्या मुलाला 'जमेल का?' हा प्रश्न आदेशासारखा ऐकू येतो, आणि अधिकाऱ्यासमोर त्याचं एकच उत्तर असतं.

'तयार प्रश्नावली भाषांतरित कर, अल्फा टाक, मोकळा हो' असं सांगणाऱ्या मार्गदर्शकाचं ऐकू नका. मी ऐकलं आणि अख्खं सत्र गेलं.

स्व-क्षमतेची कल्पना मांडणारे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांनी 2006 मध्ये ती मोजायच्या श्रेणी कशा बांधाव्यात ते लिहून ठेवलंय: 'करीन' नको, 'करू शकतो' हवं, 0 ते 100 मध्ये खात्री विचारा, कामं सोप्याकडून अवघडाकडे न्या. 'मी अभ्यासात चांगला आहे' याने काही कळत नाही. 'रात्रपाळीच्या पहाऱ्यानंतर सकाळच्या गणिताच्या तासाला नवं प्रमेय समजून घेऊ शकतो', असं विचारा. मैदानावरचा आत्मविश्वास वर्गातल्या उत्तरांत झिरपतो. नेमकं काम समोर ठेवलं की तो बराचसा गळतो.

नंबर काढून टाका. गुणांशी जोडायचंच असेल तर मुलांना स्वतःचा सांकेतिक शब्द ठरवू द्या. फॉर्म गणवेशाबाहेरच्या माणसाने वाटावेत, बंद पेटीत पडावेत. आधी पाच-सहा जणांना प्रश्न मोठ्याने वाचून काय वाटतं ते बोलायला लावा.

पहिला डेटा वाया गेला तर खचू नका, अनेकांचा जातो. दुसऱ्या फेरीत पेटी उघडली तेव्हा 'लेखी अहवाल वेळेत लिहू शकतो' यासमोर कुणीतरी 60 लिहून खोडलं होतं आणि शेजारी 30 लिहिलं होतं.