परदेशी नोकरीची रजा: सही करण्याआधी नीट मोजून घ्या

दुबईच्या ऑफर लेटरवर ‘वार्षिक रजा 30 दिवस’ लिहिलंय आणि जर्मनीच्या पत्रावर ‘25 दिवस’. आकडे पाहून घरातले सगळे दुबईकडे बोट दाखवतील. पण दुबईचे 30 दिवस साधारणपणे कॅलेंडरचे असतात, रजेच्या मधे आलेले रविवारही त्यातच मोजले जातात. जर्मनीचे 25 हे फक्त कामाचे दिवस. पाच दिवसांचा आठवडा धरला तर ते पूर्ण पाच आठवडे, म्हणजे कॅलेंडरवर 35 दिवस होतात. ब्रिटनच्या पत्रात ‘28 दिवस’ दिसले तर आणखी सावध राहा. कायद्याने तो किमान आकडा आहे खरा, पण तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या (इंग्लंडमध्ये सहसा वर्षाला 8) त्यातच धरायची मालकाला मुभा आहे. तसं झालं तर हाताशी 20 दिवसच उरतात.

म्हणून रजेच्या आकड्याला भुलू नका. चार गोष्टी लेखी विचारा: दिवस कॅलेंडरचे की कामाचे, रजेचं वर्ष कधीपासून कधीपर्यंत, रजेचा पगार पूर्ण की फक्त बेसिकवर, आणि उरलेल्या रजेचं काय होतं. ही उत्तरं ई-मेलवर हवीत. फोनवर एजंट ‘सगळं मिळतं हो’ म्हणाला, त्याला पुढे कुणी विचारत नाही.

आधी इथला हिशेब मिटवा

राजीनामा देण्याआधी शिल्लक रजेचा उतारा काढून ठेवा. पोर्टल असेल तर पानाचा फोटो, नसेल तर पगारपत्रक आणि हजेरीची नक्कल. राजीनाम्यानंतर लॉगिन बंद झालं की आकड्यावरून वाद होतो आणि हातात कागद नसतो.

ऑफिस, दुकान, हॉटेल यांना महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी (2025 च्या दुरुस्तीआधी ही अट दहाची होती) वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांना 1 पगारी रजा मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठते. किरकोळ रजा वर्षाला 8 असते. ती साठत नाही आणि तिचे पैसेही होत नाहीत, त्यामुळे जायचं ठरलं की आधी तीच वापरा. टॉवेल-चादरीच्या कारखान्यातही दर 20 दिवसांना 1 हेच प्रमाण आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात 240 दिवसांची अट होती, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितेत ती 180 वर आली.

रजेचे पैसे नोकरी चालू असतानाच घेतले तर पूर्ण रकमेवर कर लागतो. राजीनाम्याच्या हिशेबात घेतले तर ठरलेल्या सूत्रानुसार करमाफी मिळते. खासगी नोकरदारांसाठी तिची आयुष्यभराची मर्यादा 25 लाख रुपये आहे. निघायला दोन महिने उरले असतील तर रोखीकरणाची घाई करू नका, शेवटच्या हिशेबात घ्या.

इथली शिल्लक रजा नव्या मालकाकडे जात नाही. कंपनीनेच बदलीवर पाठवलं तरी ती आपोआप पुढे जाईल असं धरू नका, कारण पुण्यातली कंपनी आणि फ्रँकफुर्टमधली तिचीच शाखा बहुतेकदा कायद्याने दोन वेगळे मालक असतात. बदलीच्या पत्रात तीनपैकी एक वाक्य हवंच: रजा गोठवून ठेवली आहे, पैसे दिले आहेत, किंवा तिकडच्या खात्यात टाकली आहे. भारतातल्या पगारावरच युरोपियन युनियनच्या देशात ठरावीक काळासाठी पाठवलं असेल, तर किमान पगारी रजेचा नियम त्या देशाचा लागतो. तिथल्या निर्देशानुसार ती चार आठवड्यांच्या खाली जाऊ शकत नाही. ‘तुम्ही आपल्या पेरोलवर आहात, इथलेच नियम’ असं एचआरने सांगितलं तर हे दाखवा.

आखाती देश

अमिरातीत 2021 चा कामगार कायदा 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे. वर्ष पूर्ण झालं की 30 दिवस. सहा महिने झाले पण वर्ष झालं नाही, तर महिन्याला 2 दिवस. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं आणि त्यात रजा देणं मालकाच्या मर्जीवर. रजा कधी घ्यायची हेही मालक ठरवू शकतो, मात्र किमान महिनाभर आधी त्याने कळवायला हवं. रजेच्या मधे ईदची सुट्टी आली तर करारात वेगळं लिहिलेलं नसेल तोवर ती रजेतच मोजली जाते. त्यामुळे ईदला जोडून गावी यायचं असेल तर रजा ईदनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवसापासून मागा. तशीच ती साप्ताहिक सुट्टी संपल्यानंतरच्या दिवसापासून मागितली तर प्रवासाचा एक दिवस वाचतो. दुबईतल्या डीआयएफसी आणि अबुधाबीतल्या एडीजीएम या खास वित्तीय क्षेत्रांत कायदा निराळा आहे, तिथे 20 कामाचे दिवस मिळतात.

सर्वात जास्त नुकसान होतं ते पगाराच्या रचनेत. समजा पगार 1,500 दिऱ्हाम आहे, त्यात बेसिक 1,000 आणि बाकी भत्ते. रजेवर असताना पूर्ण पगार मिळतो. पण नोकरी सोडताना 15 दिवसांची रजा उरली असेल तर तिचे पैसे बेसिकवर निघतात: 1,000 भागिले 30 गुणिले 15, म्हणजे 500 दिऱ्हाम. एकूण पगारावर तेच 750 झाले असते. ग्रॅच्युइटीसुद्धा बेसिकवरच निघते. म्हणून घासाघीस करायची तर एकूण आकड्यासाठी करू नका, बेसिक वाढवून मागा.

सौदीत पहिली पाच वर्षं 21 दिवस, त्याच मालकाकडे सलग पाच वर्षं झाली की 30. रजेचा पगार निघण्याआधी आगाऊ मिळायला हवा, ही कायद्यातलीच तरतूद आहे. तो हातात आल्याशिवाय तिकडून निघू नका. रजेला येताना परतीच्या नोंदीसह एक्झिट-रीएंट्री व्हिसा लागतो. त्यावरची मुदत रजेच्या शेवटच्या दिवसाशी जुळते का ते पाहा आणि चार-पाच दिवस जास्तीचे मागून घ्या. घरी कुणी आजारी पडलं आणि मुदत टळली, तर परत जाणंच अडतं. कतारमध्ये वर्षानंतर तीन आठवडे, पाच वर्षांनंतर चार. ओमान, कुवेत आणि बहारीनमध्ये किमान 30 दिवस.

‘तिकीट’ हा शब्द करारात कुठे आणि कसा आहे ते शोधा. नोकरी संपल्यावर परत पाठवण्याचा खर्च ही वेगळी गोष्ट आणि दर रजेचं तिकीट ही वेगळी. पुष्कळ करारांत दोन वर्षांतून एकदाच तिकीट असतं. मग पहिल्या वर्षीची रजा असूनही माणूस खिशाकडे बघून गावी येत नाही.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘जाण्याआधी सरकारी परवानगी आवश्यक’ असा शेरा असतो. त्यांना आखातात नोकरीला जायला केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून परवानगी लागते आणि तिथे चढवलेल्या करारात पगार, कामाचे तास, रजा सगळं असतं. त्याची छापील प्रत स्वतःजवळ ठेवा. विमानतळावर किंवा पोहोचल्यावर दुसरा करार पुढे केला, त्यात 30 चे 21 झाले, असे प्रकार होतात. जुनी प्रत असेल तरच तक्रार उभी राहते. एजंटचा नोंदणी क्रमांक त्याच पोर्टलवर तपासा. सेवाशुल्काची कमाल मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे. अमिरातीत ऑफर लेटरची प्रत हिंदीतही मिळू शकते, ती मागा. इंग्रजी अडखळत वाचून सही करण्यापेक्षा ते बरं.

जर्मनी

कायद्यात 24 दिवस लिहिलेत, पण ते सहा दिवसांच्या आठवड्याचे. पाच दिवसांना 20. सार्वजनिक नोकरीत आणि मोठ्या कंपन्यांत 30 सर्रास दिसतात. आठवड्यात तीनच दिवस काम असेल तर किमान 12, आणि तरीही चारच आठवडे होतात.

पूर्ण रजेचा हक्क सहा महिन्यांनी येतो आणि रजेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. 1 सप्टेंबरला रुजू झालात तर त्या वर्षी चार महिन्यांची रजा: 20 भागिले 12 गुणिले 4, म्हणजे 6.67. अर्धा किंवा जास्त अपूर्णांक वर धरला जातो, म्हणून 7. आता जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेला यायचं असेल तर हे 7 दिवस महत्त्वाचे. एरवी मागच्या वर्षीची रजा फक्त सबळ कारणानेच पुढे नेता येते आणि तीही 31 मार्चपर्यंत. पण वर्षाच्या उत्तरार्धात रुजू झालेल्याची ही तुकड्यातली रजा, त्याने मागितली तर संपूर्ण पुढच्या वर्षात जाते. ‘मागितली तर’ हे लक्षात ठेवा. डिसेंबर संपण्याआधी दोन ओळींची ई-मेल टाका. मग जानेवारीत जुने 7 आणि नव्या वर्षातले थोडे जोडून सहसा 13 तारखेला येणाऱ्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यावर उभं राहता येतं. सहा महिने व्हायच्या आत मोठी रजा मिळणं मात्र साहेबाच्या संमतीवर आहे, तेव्हा आधी मंजुरी, मग तिकीट.

नोकरी चालू असताना कायद्याच्या किमान रजेचे पैसे मिळत नाहीत, ना जर्मनीत ना ब्रिटनमध्ये. आपल्याकडे रजा साठवून पैसे करायची सवय आहे, तिकडे ती विसरायची. रजा घ्यायचीच.

रजेवर सोलापुरात असताना ताप आला, डेंग्यू झाला, तर जर्मन कायद्याने आजारपणाचे दिवस रजेतून वजा होत नाहीत. त्यासाठी त्याच दिवशी मालकाला तीन गोष्टी कळवा: काम करता येत नाही हे, अंदाजे किती दिवस हे, आणि इथला पत्ता. डॉक्टरांचा दाखला घ्या, पण आपल्याकडे सहसा लिहितात तसा ‘विश्रांतीचा सल्ला’ पुरत नाही. ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत काम करण्यास असमर्थ’ असं इंग्रजीत, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह लिहून घ्या. दाखला मिळाला म्हणून रजा आपोआप लांबत नाही. ठरल्या दिवशी बरे असाल तर कामावर हजर व्हायचं, वाचलेले दिवस नंतर मागायचे.

ब्रिटनला जाणाऱ्या नर्सेससाठी

एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, रुजू होताच वर्षाला 27 दिवस अधिक 8 सार्वजनिक सुट्ट्या. पाच वर्षांनी 29, दहा वर्षांनी 33. हिशेब मात्र तासांत चालतो आणि तिथेच गोंधळ होतो. आठवडा 37.5 तासांचा, एक दिवस 7.5 तासांचा. 35 दिवसांचे 262.5 तास होतात, बरोबर सात आठवडे. तुमची शिफ्ट 11.5 तासांची असेल तर एका शिफ्टच्या सुट्टीला 11.5 तास कापले जातात. ‘35 दिवस आहेत’ म्हणून 35 शिफ्ट सुट्टी मागायला गेलात तर 22 नंतरच तास संपतात.

रजेचं वर्ष बहुतेक ठिकाणी एप्रिल ते मार्च. जानेवारीत सगळे शिल्लक तास संपवायच्या मागे असतात, वॉर्डात एका वेळी किती जणांना सोडायचं याला मर्यादा असते. संक्रांतीला यायचं तर अर्ज उन्हाळ्यातच टाका.

बिनपगारी रजा इथे जपून. स्किल्ड वर्कर व्हिसावर कॅलेंडर वर्षात चार आठवड्यांहून जास्त बिनपगारी रजा झाली, तर बाळंतपण, आजारपण असे मोजके अपवाद सोडता मालकाला स्पॉन्सरशिप थांबवावी लागते. घरच्या लग्नासाठी ‘महिनाभर विनापगार राहते’ म्हणण्याआधी हे मोजा.

इतर देशांचं थोडक्यात: ऑस्ट्रेलियात चार आठवडे, कॅनडाच्या ओंटारियोत दोन (पाच वर्षांनी तीन), सिंगापूरला पहिल्या वर्षी 7 दिवस आणि तेही तीन महिन्यांनी. अमेरिकेत पगारी रजेचा केंद्रीय कायदाच नाही. करारात असेल तेवढंच, म्हणून तिथे पगाराइतकीच रजेवरही घासाघीस करा.

घरी किती दिवस मिळतात

सौदीचे 21 दिवस घ्या. तिथल्या गावातून विमानतळ, मुंबई, मग रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी सोलापूर. जाता-येता मिळून चार दिवस धरा, घरी 17 उरतात. लग्नाची तारीख, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथ, आषाढी, काय गाठायचं ते एकच ठरवा. आधीच ठरलेलं लग्न असेल तर ते सही करण्याआधी सांगा आणि ‘या तारखांना रजा मान्य’ असं ऑफरच्या ई-मेलमध्ये घ्या. त्या वेळी मालकाला तुम्ही हवे असता. रुजू झाल्यावर तीच मागणी जड जाते.

एप्रिल ते मार्चमध्ये भारतात एकूण किती दिवस राहिलात त्याचीही वही ठेवा. 182 दिवस झाले की अनिवासी दर्जा जातो. भारतातलं उत्पन्न 15 लाखांवर असेल तर धोका 120 दिवसांपासूनच सुरू होतो. नोकरी बदलताना दोन नोकऱ्यांमधे लांब राहणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं.

नोकरी सोडताना अमिरातीत सगळी देणी 14 दिवसांत मिळायला हवीत. ‘सर्व रक्कम मिळाली’ या कागदावर सही करण्याआधी शिल्लक रजेचे दिवस, बेसिक आणि रक्कम या तीन ओळी त्यावर आहेत का ते पाहा. नसतील तर मागा. दिलं नाही तर देश सोडण्याआधीच तिथल्या कामगार मंत्रालयाकडे तक्रार नोंदवा. गावी परतल्यावर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकता येते, पण तिथे हजर असताना जे काम आठवड्यात होतं ते इथून महिनोन्‌महिने रेंगाळतं.