ब्रेसेसमधून तोंडात उतरणारा धातू: आधी काय विचारायचं, रोज काय सांभाळायचं

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. दातांच्या तारांचा प्रकार तसाच आहे, फक्त इथली कल्हई धातू स्वतःच करून घेतो. स्टीलमधलं क्रोमियम ऑक्सिजनशी मिळून काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतं. निकेल-टायटॅनियमच्या वायरवर तेच काम टायटॅनियम ऑक्साइड करतं. हा थर शाबूत असतो तोवर धातू जवळपास जागच्या जागी राहतो. आंबट, मीठ, दातांवर साचलेली कीट, आम्ल असलेलं फ्लोराइड किंवा ज्योतीची आंच यांनी तो उडाला, की निकेल आणि क्रोमियम लाळेत उतरू लागतात.

किती उतरतं? पूर्ण तोंडाच्या ब्रेसेस मिठाच्या पाण्यात ठेवून १९८३ साली मोजमाप झालं, तेव्हा दिवसाला सरासरी ४० मायक्रोग्रॅम निकेल आणि ३६ मायक्रोग्रॅम क्रोमियम निघालं. रोजच्या जेवणातून निकेल साधारण १०० ते ३०० मायक्रोग्रॅम जातंच. डाळी, हरभरा, काजू आणि चॉकलेट त्यात पुढे. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०२० मध्ये रोजची मर्यादा दर किलो वजनामागे १३ मायक्रोग्रॅम ठरवली, म्हणजे ४५ किलोच्या मुलीला ५८५. तेव्हा ब्रेसेसमुळे शरीरात विष साठेल ही भीती सोडून द्या. रक्तातलं निकेल तपासणं, ‘डिटॉक्स’ची चूर्णं घेणं यावर पैसे घालवू नका. खरा प्रश्न ॲलर्जीचा आहे, आणि ती अगदी थोड्या निकेलनेही भडकते.

तारा लावण्याआधी

पहिला प्रश्न दातांचा नाही, कानांचा. खोटं कानातलं घातल्यावर पाळीला खाज येते का, पाणी सुटतं का? घड्याळाच्या पट्ट्याखाली किंवा जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ पुरळ येतो का? निकेलची ॲलर्जी बहुतेक वेळा कान टोचण्यातूनच सुरू होते, म्हणून मुलींमध्ये ती जास्त दिसते. ज्यांना कान टोचण्याआधी ब्रेसेस लागल्या त्यांच्यात ही ॲलर्जी कमी आढळते, असं फिनलंडमधल्या पाहणीत दिसलं. आपल्याकडे कान बारशाच्या आसपासच टोचतात, त्यामुळे तो फायदा आपल्या मुलींना मिळत नाही. तेव्हा उत्तर ‘हो’ असेल तर ऑर्थोडॉन्टिस्टना (तारा लावणाऱ्या दंतवैद्यांना) पहिल्याच भेटीत सांगा. फॉर्मवर तो रकाना नसेल तर वर कोपऱ्यात लिहून द्या.

अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. ५ टक्के निकेल सल्फेट असलेली पट्टी पाठीवर लावतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि ७२ ते ९६ तासांनी पुन्हा बघतात. दुसरी भेट चुकवू नका, कारण ही ॲलर्जी उशिरा उमटणारी आहे. पट्टी असेपर्यंत पाठ ओली करायची नाही. इंदूरच्या मे महिन्यात घामाने पट्टी सुटते आणि निकाल वाया जातो, म्हणून शक्यतो हिवाळा गाठा. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगा.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी ब्रेसेस रद्द होतातच असं नाही. तोंडाच्या आतलं अस्तर कातडीपेक्षा बरंच सहनशील असतं आणि पुष्कळांना स्टील विनातक्रार चालतं. त्रास मोठा असेल तर मात्र टायटॅनियमचे किंवा सिरॅमिकचे ब्रॅकेट (दातावर चिकटवलेले, वायर धरणारे छोटे तुकडे), दाढेला वायरचं टोक धरणारी टायटॅनियमची ट्यूब आणि बीटा-टायटॅनियमची वायर (डॉक्टर तिला टीएमए म्हणतात) असा निकेल नसलेला संच मागता येतो. टीएमए ब्रॅकेटमध्ये जास्त घासते, त्यामुळे दात सरकायला वेळ लागू शकतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: पांढरे सिरॅमिक ब्रॅकेट घेतले की निकेल सुटलं. नाही. सुरुवातीची मऊ, लवचीक वायर निकेल-टायटॅनियमची असते आणि तिच्या वजनात सुमारे ५५ टक्के निकेल असतं. स्टीलच्या ३०४ जातीत ते ८ टक्क्यांच्या आसपास असतं, ३१६ एलमध्ये १० ते १४. म्हणून ब्रॅकेट आणि वायर, दोन्हींबद्दल विचारायचं. अर्थात टक्का जास्त म्हणजे गळती जास्त, असंही नाही. चांगली पॉलिश झालेली निकेल-टायटॅनियम वायर निकेल घट्ट धरून ठेवते. त्याउलट टाळू रुंद करणाऱ्या एक्सपांडरवरचा किंवा दाढेभोवतीच्या धातूच्या कड्यावरचा (बँडवरचा) चांदीचा डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, लवकर गंजतो आणि तांबं व जस्त सोडतो. जोड काळपट, खरखरीत दिसला तर डॉक्टरांना दाखवा. लेझरने जोडलेलं मिळत असेल तर ते घ्यावं.

आणखी एक विचारा: ब्रॅकेट नवेच आहेत ना? सुटलेला ब्रॅकेट ज्योतीवर धरून जुना चिकटा जाळतात आणि तोच परत लावतात, असं होतं. त्या आंचेत क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं, थर धरायला पुरेसं उरत नाही आणि धातू कणांच्या सीमांवरून गंजत जातो. सुटलेल्या ब्रॅकेटच्या जागी नवा लावून घेणं केव्हाही बरं.

लावल्यानंतर

निकेल पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त सुटतं, मग उतरत जातं. या दिवसांत तोंडात धातूची चव येते. हिरड्यांतून थोडं रक्त आलं तरी तशीच चव लागते. जुन्या चांदीच्या भरणीला स्टीलची ट्यूब टेकत असेल तर झिणझिणीही येते. दोन वेगळे धातू लाळेत टेकले की सेलसारखा प्रवाह वाहतो आणि त्यातला लवकर गंजणारा धातू झिजतो. तीही डॉक्टरांना सांगा.

रोजच्या वागण्यात सगळ्यात मोठा शत्रू ब्रॅकेटभोवतीची कीट. वायर ब्रॅकेटला बांधणाऱ्या रबराच्या कडीखाली ऑक्सिजन पोचत नाही, आम्ल साचतं आणि बरोबर तिथेच थर उडतो. वायर बदलताना आरसा मागा आणि कडी काढल्यावर खालच्या सुळ्याचा ब्रॅकेट बघा. ब्रॅकेटच्या पंखांच्या (कडी अडकवायच्या टोकांच्या) बेचक्यात तपकिरी रेघ, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे किंवा बुडाशी काळसर-हिरवी कडा दिसली, तर गंज लागलाय. दिवसातून दोनदा मऊ ब्रश ४५ अंशांत आधी ब्रॅकेटच्या वरून, मग खालून फिरवा. वायरच्या आत बारीक इंटरडेंटल ब्रश घाला. स्टीलच्या स्क्रबरने, सुईने किंवा बेकिंग सोड्याच्या दाट लेपाने घासू नका, ओरखडा म्हणजे गंजाला वाट.

आंबटाचं म्हणाल तर पोह्यांवर लिंबू पिळायला हरकत नाही. त्रास होतो तो तासभर घोट घोट कोला पिण्याने. त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) २.५ च्या आसपास असतो. इंदूरच्या सराफ्यातल्या, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीतल्या, फेरीचं मात्र सांभाळा: बारा वाजता चिंचेची चटणी, वर लिंबू मारलेले गराडू (तळलेला कंद), आणि घरी येऊन तसंच झोपायचं. झोपेत लाळ जवळजवळ आटते, आम्ल धुवायला काही उरत नाही. तिथेच साध्या पाण्याने दोन-तीन चुळा भरा आणि अर्ध्या तासाने, पण झोपण्याआधी, ब्रश करा. (कडक गराडूने ब्रॅकेट सुटतो ते वेगळंच.)

फ्लोराइड बंद करायचं नाही. ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडून दात किडण्याचा धोका धातूपेक्षा कितीतरी मोठा आहे. १००० पीपीएमची साधी पेस्ट चालू ठेवा. आम्लयुक्त फ्लोराइड जेल (एपीएफ, १.२३ टक्के) मात्र टाळा: त्याच्या आंबट माध्यमात हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होऊन टायटॅनियमचा थर खातं, वायरमध्ये हायड्रोजन शिरतो आणि ती ठिसूळ होऊन तुटते. क्लिनिकमध्ये न्यूट्रल सोडियम फ्लोराइड जेल किंवा फ्लोराइड व्हार्निश मागा.

ॲलर्जी कशी ओळखायची

एकाच जागी, ब्रॅकेटसमोर गालाला छाला असेल तर ते घासणं आहे, मेण लावा. ओठांचे कोपरे चिरले, गालाचं अस्तर सगळीकडे लाल होऊन जळजळतंय, तोंडाभोवती किंवा थेट हातांवर पुरळ आलाय, तर निकेलचा संशय घ्या. रबरातल्या लेटेक्सनेही असं होतं, म्हणून आधी लेटेक्स नसलेली रबरं लावून बघावं. फक्त हिरड्या सुजल्या असतील तर तीन आठवडे कसून सफाई करा. सूज उतरली तर ती किटाची होती. नाही उतरली तर डॉक्टर आधी निकेल-टायटॅनियमची वायर काढून टीएमए किंवा स्टीलची घालतात, आणि त्यानेही भागलं नाही तरच ब्रॅकेट काढतात. वायर स्वतः कापायला जाऊ नका. ओठ-जीभ सुजून श्वास अडला तर थेट कॅज्युअल्टीत जा.

ब्रेसेस निघाल्यावरही दात परत सरकू नयेत म्हणून खालच्या पुढच्या दातांमागे स्टीलची पीळदार तार वर्षानुवर्षे राहते. ॲलर्जी असेल तर तिच्याऐवजी पारदर्शक प्लास्टिकचा रिटेनर घ्या. स्टीलच्या हुकांची काढती प्लेट ब्लीचमध्ये किंवा रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवू नका; थंड पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश एवढं पुरतं.