पट्टा पडायच्या आत: ऊसतोडीची तक्रार साखर घेणाऱ्या कंपनीपर्यंत न्यायची तयारी

कागद हंगाम चालू असतानाच जमवा. पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, आणि टोळ्या बीडकडे परतल्या की फडातला पुरावा फडातच राहतो.

आधी उचलीचा, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशाचा हिशेब. मुकादमाच्या, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीतल्या पानाचा फोटो घ्या. उचल कधी, किती घेतली, तोड किती टन झाली, खाड्याचे (गैरहजेरीचे) किती कापले, हे प्रत्येक कोयत्याचं वेगळं लिहा. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. वहीत बहुतेक वेळा नवऱ्याचंच नाव असतं, तुमच्या कागदावर बाईचंही हवंच. आजारपणात, बाळंतपणात खाडा धरला असेल तर तारीख टाका. कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा घेतला असेल तर तेही लिहा.

मग वजनकाट्याची पावती. एकही खेप सोडू नका. कारखाना म्हणणार, मजूर मुकादमाचे, आमचे नाहीत. गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, वजन आणि तारीख असलेली ही चिठ्ठीच तोडणाऱ्याला कारखान्याच्या गेटशी जोडते.

कामाचे तास मात्र कुणी लिहीत नाही, ते तुम्ही लिहा: पहाटे फडात कधी गेले, रात्री गाडी कधी भरली. दिवसभरात तोडलेल्या टनांना दराने गुणा, आलेल्या मजुरीला दोन माणसांनी आणि तासांनी भागा. एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या 1982 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवरचं काम घटनेच्या कलम 23 खाली सक्तीची मजुरी ठरवलं; हा आकडा त्यासाठीच लागतो. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचं कलम 15 जवळ ठेवा. उचल वेठीचं कर्ज आहे असा दावा केला की ती तशी नाही हे सिद्ध करायचं ओझं देणाऱ्यावर येतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना, प्रत याच कायद्याखालच्या दक्षता समितीला. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

साखर पुढे कुठे जाते तेही शोधा. पोत्यावर कारखान्याचं नाव आणि हंगाम असतो, त्याचा फोटो काढा. खरेदीदार शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांत असेल तर सेबीच्या नियमाने मानवी हक्कांबद्दल तो दरवर्षी काय लिहून देतो ते वाचा. माल जर्मनीतल्या मोठ्या कंपनीकडे जात असेल तर 2023 पासून तिथल्या कायद्याने तिला तक्रारीची सोय ठेवावी लागते; लांबच्या पुरवठादाराबद्दल ठोस माहिती मिळाली की हालचाल करणं तिला भाग आहे.

अर्ज देण्याआधी कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, बसून सगळा वाचून दाखवा. मुकादम अनेकदा मजुरांच्याच गावचा असतो. नाव द्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. सकाळी कुणी नको म्हणालं तर ते नाव खोडून नवी प्रत काढा.